शेवटची जुडी

काकीचा फोन दरवर्षी याच दिवसांत येतो. ती ख्यालीखुशाली विचारत नाही, स्वतःच्या गुडघ्यांचंही सांगत नाही. "रोवणा सरत आला," एवढंच म्हणते, "जुडी ठेवली हाय. येतस का?" आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवून देते. फोनवर हो-नाही करत बसणं तिला मुळीच पटत नाही. ज्याला यायचं तो येतो, असा तिचा हिशेब आहे.

नागपूर सोडून वैनगंगेचा पूल ओलांडला, की माझ्या नाकाला आधी कळतं. ट्रकचा धूर असतो, भिजलेल्या रस्त्याचा दर्प असतो, आणि त्यांच्या खालून एक जड, गार वास वर येत असतो. चिखलणीचा वास. लाखनीच्या चौकात बस थांबते, वडापाव आणि पंक्चरची दुकानं लागतात, पाना-टायरांचा पसारा दिसतो आणि लगेच पलीकडे बांध्या सुरू होतात. पाण्यानं भरलेल्या चौकोनी बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्यांना शिवणीसारखे धुरे, म्हणजे बांध, आणि धुऱ्यांच्या मधोमध कमरेतून वाकलेल्या बायकांची ओळ. भाताच्या लावणीला आमच्याकडे रोवणा म्हणतात. पुण्यामुंबईकडच्या माझ्या सहकारी शिक्षिकांना मी हे किती वेळा सांगितलं, तरी त्या 'लावणी' ऐकली की गालातल्या गालात हसतात. हसोत बापड्या. वाकून वाकून कंबरेचे टाके ढिले होतात तेव्हा कुणी हसत नाही.

हल्ली रोवण्याला ठेक्याच्या टोळ्या येतात. पिकअपमधून उतरतात, बांधी संपवतात, दुसऱ्या गावाला जातात. गाणी त्यांच्या मोबाईलमधून वाजतात. याचं मला वाईट वाटतं आणि वाटत नाहीही, कारण त्यांच्या पायात आता गमबूट असतात आणि आमच्या बायकांच्या बोटांमधली कातडी चिखलानं कशी पांढरी होऊन सोलायची, ते मी पाहिलेलं आहे. जुन्या दिवसांची आठवण काढताना जुन्या जखमाही मोजाव्यात, नाहीतर आपण लबाड ठरतो.

मला आठवतो तो रोवणा मी बी.ए.ला असतानाचा. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-चार पावसाळे झाले होते. तरी म्हातारी माणसं अजून 'आपला जिल्हा अर्धा झाला' असं म्हणायची, जणू कुणी रात्रीतून बांधी कापून नेली. बाबा वरठीच्या कारखान्यात कामाला होते, आठवडाभर तिकडेच खोली करून राहायचे आणि सुट्टीला मोटरसायकलवर घरी यायचे. त्यामुळे शेत आईचंच होतं. सातबारा कुणाच्याही नावावर असो, बैलांना कधी सोडायचं आणि पऱ्हे कधी उपटायचे हे तीच ठरवायची. पऱ्हे म्हणजे भाताची कोवळी रोपं. ती एका वाफ्यात दाट उगवतात, मग उपटून, जुड्या बांधून दुसऱ्या बांधीत रोवायची.

एका अंगणात आमची दोन घरं होती. एक आमचं, एक काकाचं. काका बाबांहून बराच लहान. आई लग्न होऊन आली तेव्हा तो चड्डी सावरत शाळेत जात होता. त्याला तिनं जेवू घातलं, त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, दहावी नापास झाल्यावर बाबांच्या हातून वाचवलं. पुढे तो गावचा सरपंच झाला आणि दिवाळीला आईच्या पाया पडायला आला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. काका माणूस वाईट नव्हता. कुणाची बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, की स्वतःची गाडी काढून दवाखान्यात न्यायचा. फक्त त्याला कमानींचा नाद होता. गावाच्या तोंडाशी त्यानं ग्रामपंचायतीतर्फे सिमेंटची कमान उभी केली. दोन्ही बाजूंना हत्ती, वर नाव, नावाखाली त्याचंही नाव. उद्घाटन झालं, पेढे वाटले, आणि सुगीत लक्षात आलं की भाताच्या तणसानं भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, त्या कमानीखालून जातच नाही. तेव्हापासून गावातल्या सगळ्या बंड्या कमानीला बाजूनं वळसा घालून गावात शिरतात. अजूनही.

आणि बायका मागत होत्या तलावावर आडोसा. मागणं एवढंसं. रोवणा करून आलेल्या बाईच्या अंगावर मांडीपर्यंत चिखल असतो, तो धुवायला ती तलावावरच जाणार, आणि तलावाच्या पाळीवरूनच गावाचा रस्ता. कुणी सायकलवर, कुणी बैल घेऊन, कुणी नुसताच विडी ओढत. बायका गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहायच्या आणि रस्ता मोकळा व्हायची वाट बघायच्या. एका वर्षी नव्यानं आलेली गिरजाकाकी, म्हणजे सरपंचाची खुद्द बायको, अशीच एक ट्रॅक्टर जायची वाट बघत पाण्यात राहिली. ट्रॅक्टर पाळीवरच बंद पडला. ड्रायव्हर आणि त्याला सल्ला देणारी माणसं अंधार पडेतो हलली नाहीत. काकी तापानं फणफणली. काकानं तिला गाडीतून लाखनीला नेलं, रात्रभर उशाशी बसला, आणि आडोशाचं विचारलं तर म्हणाला, कमानीचं रंगकाम उरकू दे.

मी बी.ए.ला असतानाच्या त्या वर्षी आमच्या वॉर्डाची जागा बाईसाठी राखीव निघाली, आणि सरपंचपदही बाईचंच. आमच्या वॉर्डातून निवडून येईल तीच सरपंच, हे गावात कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. काकानं घरी येऊन जाहीर केलं, गिरजा उभी राहील. गिरजाकाकी तेव्हा तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. गावात असे सरपंचपती पुष्कळ झाले होते. बाई सही करते, नवरा खुर्चीवर बसतो, आणि झेंडावंदनाला तेवढं तिला नवं लुगडं मिळतं.

तिकडे बायकांमध्ये दुसरंच शिजत होतं. टोळीची पुढारी होती पंचफुलाबाई, पल्याडच्या बौद्ध वस्तीतली, आवाजानं खणखणीत. रोवण्यात गाणं तिनं उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. जेवणाच्या वेळी धुऱ्यावर शिदोऱ्या सुटल्या, लाखोळीचं वरण, सुकटीची चटणी एकमेकींच्या भातावर गेली, की ती आईला म्हणायची, तू उभी राहा. तुझ्या बांधीत भांडण होत नाही, मजुरीला उशीर होत नाही, आम्हाला तूच पाहिजे. आई हसण्यावारी न्यायची. मग इतरजणी म्हणायला लागल्या. विहिरीवर, चक्कीवर, सात्या वेचायला जंगलात गेलं तर तिथे. सात्या म्हणजे आमच्याकडची रानातली अळंबी, वारुळावर उगवतात. आई वाकून सात्या काढतेय आणि मागून कुणी तरी, "सुमनबाई, मंग काय ठरवलं?" असं विचारतंय. शेवटी ती सात्यांना जायची बंद झाली. त्या पावसाळ्यात आमच्या घरी सात्यांची भाजी झालीच नाही, याचा राग मी पंचफुलाबाईवर बरेच दिवस धरला होता.

एकदा मात्र आई हसली नाही. धुऱ्यावर पाय धूत होती, तशीच थांबली आणि म्हणाली, "जिल्हा फुटला तं नवीन हापीस येते, साहेब येते. घर फुटलं तं काय येते?" पंचफुलाबाईनं जुडी सोडायला घेतली. आम्हाला वाटलं, विषय मिटला.

आता आमच्या गावची रीत सांगायला हवी. रोवण्याचा शेवटचा दिवस आला, की बायका शेवटची एक जुडी रोवत नाहीत. हातात धरून ठेवतात. मग मालकाला किंवा मालकिणीला बांधीत बोलावतात, भोवती रिंगण करतात, पायांना चिखल लावतात आणि मागणं मागतात. यात गंमत अशी, की मागणं आधी सांगायचं नसतं. मालकिणीनं आधी 'दिलं' म्हणायचं, मग ऐकायचं. त्यानंतर ती जुडी मालकिणीनं स्वतःच्या हातानं रोवायची, म्हणजे रोवणा पुरा झाला. दिलेलं मोडलं तर धानाच्या लोंब्या पोकळ राहतात, असं म्हणतात. दशरथाला आमच्या गावची माणसं मूर्ख म्हणत नाहीत ती यामुळेच. मागणंही काही कैकेयीचं नसतं. गुलगुले, नाही तर मटण, कधी ब्लाउजपीस, फार तर ट्रॅक्टरमधून जत्रेला न्या. आईनं त्या सकाळी गुलगुल्यांसाठी गूळ भिजत घालून ठेवला होता. त्या गुळाच्या पाण्यावर माशा बसू नयेत म्हणून मी ताट झाकलं होतं, एवढंसुद्धा मला आठवतं.

आभाळ उतरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. पाण्यात ढग दिसत होते आणि ढगांत नुकती रोवलेली रोपं, अजून मान न सावरलेली. आई लुगडं खोचून बांधीत उतरली. बायकांनी खिदळत रिंगण धरलं, मीही त्यात होते. आईच्या पोटऱ्यांना चिखल फासला, एकीनं गालालाही लावला. जुडी ज्या बाईच्या हातात असते तिनं मागायचं. मी मान वळवून पाहिलं तर जुडी गिरजाकाकीच्या हातात होती.

"दिलं म्हना, बाई," ती म्हणाली. धाकट्या जावेनं थोरलीला बाई म्हणायचं, तसंच ती म्हणायची.

"दिलं," आई हसत म्हणाली. "माग. गूळ भिजत घातला हाय."

"तुमी उभ्या राहा. माह्या विरोधात."

खिदळणं थांबलं. मलाही हे ठाऊक नव्हतं आणि बायकांपैकी निम्म्या जणींनाही नसावं. आईचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू निघून गेलं. ती म्हणाली, "घर फुटन माहं, गिरजा. त्याले म्या हातानं भरवलं हाय."

"मले मालूम हाय," काकी म्हणाली. तिनं जुडी घट्ट धरली होती. "माह्या नावानं कारभार तेच करतीन. मी सही करीन. सही कराले बाई कायले पायजे? मी त्याइले नाई म्हनू शकत नाई. तुमी म्हनू शकता. तुमी एकट्याच म्हनू शकता."

आईनं हात पुढे केला, जुडी घेतली, सोडली आणि वाकून एकेक रोप चिखलात रोवलं. तिच्या हाताला नेहमीचा वेग नव्हता. गुलगुले त्या दिवशी झालेच, कारण गूळ भिजलेला होता. पण कढईपाशी बसलेल्या आईनं एकही खाल्ला नाही.

पुढचे दिवस आठवले की मला अजून हसू येतं. एका अंगणातून दोन उमेदवार निघायचे. काकाच्या दारात भोंगा लावलेली गाडी, आमच्या दारात संध्याकाळी दुसऱ्यांच्या रोवण्याहून परतलेल्या बायका, पायांवर चिखल वाळलेला. आई कुणाच्या दारात गेली की गप्प उभी राहायची आणि बोलायची ती पंचफुलाबाई. काका काकीला घेऊन घरोघर फिरायचा. तिनं हात जोडायचे हे त्यानं तिला शिकवलं होतं, ती जोडायची, आणि एवढंच म्हणायची, "इचार करून द्या." कुणाला द्या, ते तिनं एकदाही सांगितलं नाही. काकाला वाटायचं, बायको लाजाळू आहे. तो कौतुकानं तिच्याकडे बघायचा. आणि संध्याकाळी या घरची चटणी त्या घरी, त्या घरचं ताक या घरी जात होतंच, फक्त वाटी दारात ठेवून येणारी बाई आता आत बसत नव्हती.

आई निवडून आली. गुलाल पल्याडच्या वस्तीत उधळला गेला, आमच्या अंगणात नाही. आईनं हात जोडून सगळ्यांना बाहेरच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी काकानं दोन माणसं आणून अंगणाच्या मधोमध बांबूचे खांब रोवले आणि त्यांना तट्टे बांधले. तट्टे म्हणजे बांबूच्या विणलेल्या ताट्या. दुपारपर्यंत अंगणाची दोन अंगणं झाली. विहीर त्याच्या बाजूला गेली, तुळस आमच्या. काका त्या दिवशी कुणाशी भांडला नाही, ओरडला नाही. तो भांडला असता तर आईला सोपं गेलं असतं. बाबा सुट्टीला आले, मोटरसायकल नेहमीच्या जागी लावायला गेले तर तिथे तट्टा. ते गाडी तशीच धरून उभे राहिले, मग मागे घेतली आणि रस्त्यावर लावली. ते घरात आले तेव्हा आई त्यांच्यासमोर पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

ती पंचायतीत जाईना. खुर्ची रिकामी होती, शिपाई दोनदा बोलवायला येऊन गेला. ती म्हणायची, मी दिलेलं दिलं, उभी राहिले, निवडूनही आले. आता राजीनामा देते, लोंब्या काही पोकळ राहायच्या नाहीत. पंचफुलाबाई समजावून थकली. शेतात धान पोटरीला आलं होतं. त्या दिवसांत शेताला फारसं काम नसतं, आणि काम नसलेली आई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. उंबऱ्यावर बसायची, तट्ट्याकडे बघायची. पलीकडून काकाच्या खोकल्याचा आवाज आला की कान द्यायची. लहानपणी त्याला खोकला झाला की ती त्याच्या छातीला तेल चोळायची, ते तिच्या हातांना आठवत असणार.

आणि मग एका सकाळी आम्हाला पलीकडून खाडखाड ऐकू आलं. काका पंचायत समितीच्या कामाला लवकर निघून गेला होता. आम्ही बाहेर आलो तर गिरजाकाकी पदर खोचून खांब उपटत होती. एक उपटून झाला होता, दुसरा हलवत होती. आई घाबरून म्हणाली, काय करून राहिलीस, तो काय म्हणेल?

काकीनं कपाळावरचा घाम पुसला. "आडोसा आंगनात कायले पायजे, बाई?" ती म्हणाली. "आंग धुवाले तर आपुन तलावावर जातो."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग उंबऱ्यावरून उठली आणि दुसऱ्या टोकानं तट्टा धरला. मीही धरला, आणि खांब-तट्टे घेऊन आम्ही तलावाकडे निघालो. पंचफुलाबाईला कुणी सांगितलं कोण जाणे, आम्ही कमानीपाशी पोचेतो तिच्या बायका वाटेत सामील झाल्या होत्या. कमानीखालून मात्र आम्ही आरामात गेलो. तट्टे आडवे धरले होते.

तलावाच्या पाळीखाली, पायऱ्यांच्या बाजूला, आम्ही बायकांनी ते खांब उभे केले, तट्टे बांधले. आमच्या घराची भिंत तिथे उभी राहिली. संध्याकाळी बायकांनी तिच्या आड बसून अंग धुतलं, पाळीवरून माणसं गेली तरी कुणी गळ्यापर्यंत पाण्यात शिरलं नाही. काकी सगळ्यात शेवटी बाहेर आली. केस पिळत होती आणि हसत होती. तिला इतकं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात काका पाळीवर दिसला. त्याच्या खांद्यावर सब्बल होती, लोखंडी पहार. बायका बाजूला सरल्या. आईचा हात माझ्या दंडावर आवळला गेला. काका खाली उतरला, एका खांबाला हात लावून हलवून पाहिला. खांब डुलला. त्यानं दुसरा हलवला, तोही डुलला. मग त्यानं सब्बल उचलली आणि खांबाशेजारची माती खणायला लागला. खणता खणता, कुणाकडेही न बघता म्हणाला, "पऱ्हा रोवनं अन् खांब रोवनं येगळं असते. हातभर मातीत गेला नाई तर पयल्या वाऱ्यात पडन हे."

अंधार पडायच्या आत त्यानं सगळे खांब पक्के केले. घरी आल्यावर तो त्याच्या दाराकडे गेला नाही. अंगण पुन्हा एक झालं होतं, त्यामुळे आमच्या दाराशी यायला त्याला वळसाही पडला नाही. उंबऱ्याबाहेर चिखलाचे पाय तसेच ठेवून म्हणाला, "वहिनी, चहा मांड." आईनं चहा मांडला. साखर दोनदा घातली गेली, तो निमूट प्याला. दुसऱ्या दिवशी ती पंचायतीत गेली.

आता त्या जागी सिमेंटचा आडोसा आहे, शेवाळलेला. घरोघरी नळ आले, तलावावर कुणी फारसं जात नाही. आई गेली, बाबा गेले, पंचफुलाबाई नातवाकडे असते. शेत माझ्या नावावर आहे आणि काकी म्हणते म्हणून शेवटची जुडी ठेक्याच्या टोळीकडून मागून घेतली जाते. मागणं कुणी मागत नाही. त्या पोरींना पुढच्या गावाला जायची घाई असते.

मागच्या वर्षी काकानं अंगणात फरशी घातली. मी गेले तर मधोमध, एका ओळीत, फरशीत गोल भोकं सोडलेली. तट्ट्याच्या खांबांचे ते खड्डे होते. त्यांत पाणी साचलेलं, पहिल्या दोन खड्ड्यांत पऱ्ह्यांची चार-चार रोपं, बाकीचे रिकामे. काकी शेवटच्या जुडीतली थोडी राखून दरवर्षी तिथे रोवते, हे मला ठाऊक होतं. पण आता काका थकलाय, काठी टेकत चालतो, अंधारात पाय अडखळायचा. मी म्हटलं, काका, हे बुजवून टाकायचे होते ना.

"गवंडी बी तेच म्हने," काका म्हणाला. काठीचं टोक त्यानं एका खड्ड्याच्या कडेला टेकवलं. "म्या म्हनलं, राहू दे. वहिनीले एवढं रडवलं, त्याची तेवढीच निशानी हाय ते. झाकून कायले टाकू?"

मग त्यानं काकीकडे हात केला. काकीनं ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आधी दिलं म्हण.

मी दिलं म्हटलं. काय मागणार ते विचारलं नाही. ती म्हणाली, उरलेल्या खड्ड्यांत एवढं रोवून दे, माझे गुडघे आता वाकत नाहीत.